पानाच्या कडेपुरतं

फ्रेडरिक फुलांच्या वाटेला जात नसे. फुलं हलतात, आणि हललेला फोटो म्हणजे फुकट गेलेली फिल्म. कोरफड, निवडुंग, पानफुटी ही जाड पानांची मंडळी मात्र वाऱ्याला दाद देत नाहीत. गिरीज गावच्या शाळेत चित्रकला शिकवून दुपारी घरी आला, की हा गृहस्थ वाडीतल्या विहिरीकाठी कुंड्यांसमोर गुडघे टेकून बसे, लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवी आणि एखाद्या पानाची कड तेवढी धारदार टिपी. मागची विहीर, केळी, दोरीवरचे कपडे, सगळ्याचं ताक होऊन जाई. रोल नेहमी कृष्णधवल.

“सगळं पुसून टाकतोस, मग फोटो कसला?” त्याची बायको पॉलिन कपडे वाळत घालता घालता चिडवायची. स्वतः मात्र कॅमेऱ्यासमोर यायची नाही. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात ती तापाने गेली, आणि फ्रेडरिकच्या लक्षात आलं, की आपल्याकडे तिचा एकही धड फोटो नाही. होती ती पानांच्या फोटोंत मागे दोरीपाशी, पांढरट डाग होऊन. पावसाळा सरेपर्यंत तिचा चेहरा त्याच्या आठवणीतूनही निसटायला लागला. हे त्याला फार लागलं. घरात तो एका जागी टिकेना.

शवपेटीत तिच्या हातात रोझरीच्या माळेबरोबर त्याने पानफुटीचं एक पान ठेवलं होतं, तिची आवडती म्हणून. पावसात कबरीवर पानफुटी उगवली. त्यातलं एक पान त्याने घरी आणून कुंडीत लावलं.

“दफनभूमीतून काय घरी आणायचं नसतं रे,” पॉलिनची मोठी बहीण आल्बिना म्हणाली. “आपण तिथे ठेवायला जातो. आणायला नाय.”

“नुसतं पान आहे ते,” फ्रेडरिक हसला.

रोप हातभर वाढल्यावर त्याने फोटो काढला. न्हाणीघराच्या खिडकीला गोणपाट, आत लाल दिवा. डेव्हलपरच्या द्रावणात कागद हलवताना आधी पानाची कड उमटली, मग मागे विहिरीपाशी एक पांढरट डाग. त्या दुपारी घरी कोणी नव्हतं. मुलगी रोवेना शाळेत होती, दोरीवर रुमालसुद्धा नव्हता. लेन्सला बुरशी लागली असेल म्हणून त्याने ती उजेडात धरून पाहिली. स्वच्छ होती.

पुढच्या रोलमध्ये डागाला खांदे आले. मग केसांचा भांग. फोकस पानावर असताना मागचं स्पष्ट होत जाणं शक्यच नव्हतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? भीती वाटायला हवी होती. त्याला आनंद झाला, इतका की शाळेतही त्याचा पाय ठरेना.

त्याच आठवड्यात रोवेनाने वर्गाचा फोटो घरी आणला. सगळ्या रांगेत तिचाच चेहरा फिस्कटलेला.

“हललीस तू,” तो म्हणाला.

“नाय हलले, पप्पा.”

मुलं हलतातच. फोटोवाला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार?

नंतरच्या फोटोत नाक आलं, जिवणी आली. डोळे तेवढे यायचे राहिले. त्या दुपारी त्याने कॅमेरा तिकाटण्यावर चढवला, पानाची कड जुळवली. बटणावर बोट ठेवलं.

“पप्पा,” मागून रोवेना म्हणाली, “आरसा कितीदा पुसला, मी नीट दिसतच नाय.”

तो वळला.

तिच्या गणवेशाची शिवण न् शिवण दिसत होती. तिच्यामागच्या केळीच्या पानाची चीर दिसत होती. चेहरा तेवढा पुसट.

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

तसाच.

निगेटिव्ह त्याने चुलीत घातल्या, फोटोही. डोळ्यांविना आलेली पॉलिन त्याच्यादेखत काळी पडली. मग कुंडी सायकलला बांधून तो दफनभूमीत गेला आणि त्याने रोप मुळासकट तिच्या कबरीत पुरलं.

“पोरीला सोड, पॉलिन,” एवढंच म्हणाला.

परत आला तेव्हा रोवेना पायरीवर बसली होती. कपाळावरची कांजण्यांची खूणसुद्धा लख्ख दिसत होती. तिला कवटाळून तो रडला.

“रोप कुठे नेलं, पप्पा?”

“जिथलं होतं तिथे.”

“मी एक पान ठेवलंय.” तिने भूगोलाचं पुस्तक उघडलं. वर्गातली सगळीच मुलं ठेवतात, तसं पानफुटीचं पान मध्ये दाबलेलं होतं. त्याच्या कडेच्या खाचाखाचांतून बारीक कोंब फुटले होते.

“कोणी सांगितलं ठेवायला?”

“मम्मीने.”

फ्रेडरिकने तिच्याकडे पाहिलं. मग हळूच चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला.