चिंगीने पाहिलेली पिल्लं

"पुन्हा पोटं वर," चष्मिष काठीने शेवाळ सारत म्हणाला. "आणि फक्त या पाइपाजवळच. पलीकडची पिल्लं टुणटुणीत आहेत."

ताईने वाकून पाहिलं. सुट्टीत रोज सकाळी आठला ती या मावसभावाला आणि सहा वर्षांच्या धाकट्या बहिणीला, चिंगीला, तळ्यावर आणायची. नियम तिचाच: जे दिसलं तेच वहीत उतरवायचं, मनाचं काही नाही. चिंगी लिहीत नसे, चित्रं काढायची. परवा तिने बेडकाची शेपटीवाली पिल्लं पोट वर करून काढली. "अशी कुठे पोहतात का, वेडे?" म्हणत ताईने ती खोडून सरळ काढून दिली. मान वळवून तळ्याकडे बघायचे कष्टही बाईसाहेबांनी घेतले नाहीत.

आज चिंगी दवाखान्यात होती. पहाटेपासून उलट्या, तोंडातून लाळ. "पाण्यात हात घातला होता का?" असं आईने विचारल्यावर ती पुटपुटली होती, "काल पिल्लांना सरळ करत होते. ताई म्हणाली ना, सरळ हवीत." त्याच हातांनी तिने बिस्किटं खाल्ली होती. ते ऐकूनच ताई चष्मिषला घेऊन तळ्यावर आली होती.

"विषाचं नाव कळायला हवं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "अंदाजाने किती वेळ औषध देऊ?"

पाइप वर रोपवाटिकेत जात होता. बाबा सकाळीच तिथे जाऊन आले होते. फवारणीवाल्या काकांनी कानांवर हात ठेवले होते, "आमच्याकडे विषारी काही नाहीच."

"आपण भांडायला जायचं नाही," ताई म्हणाली. "वही घेऊन जायचं."

काका शेडच्या दारात बसले होते. चष्मिष शहाण्या बाळासारखा पुढे झाला. "काका, सुट्टीचा अभ्यास आहे. एका कष्टाळू माणसाची दिनचर्या लिहायची. आम्ही तुम्हाला निवडलं."

काकांची छाती दोन बोटं वर आली. "लिहा. सहाला फवारणी. साडेसातला पंप धुतो, या मोरीत."

"रोज?"

"हा आठवडाभर रोज. कीड फार आहे."

"औषध कुठलं, काका?" ताईने सहज विचारल्यासारखं केलं. "नाव चुकलं की बाई मार्क कापतात."

काकांनी आतून बाटलीच आणून दाखवली. चष्मिषने एकेक अक्षर उतरवलं. काकांनी खाली ऐटीत सहीसुद्धा ठोकली.

मग दोघं जी धूम पळाली ती दवाखान्यातच थांबली. डॉक्टरीणबाई पान वाचून तडक आत गेल्या.

संध्याकाळी चिंगीने पाणी मागितलं. तोवर रोपवाटिकेचे मालक सही बघून गेले होते आणि मोरीचं तोंड बंद झालं होतं.

"मोठ्यांना जमलं नाही ते या पोरीने केलं," डॉक्टरीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. बाबांनी ताईच्या पाठीवर हात ठेवला. तिला तो हात सोसवेना.

"मी नाही. चिंगीने परवाच पाहिलं होतं," ती म्हणाली. "मी खोडलं."

मग तिने सगळं सांगितलं. आई चिंगीच्या उशाशी बसून होती.

"यापुढे तिच्या वहीला तू हात लावायचा नाहीस," आई म्हणाली.

"नाही लावणार," ताई म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.