श्योकचं वळण

दीपाली मालगुंडच्या शाळेत भूगोल शिकवायची. तिचा नवरा संदेश लष्कराच्या इंजिनिअर पलटणीत होता. मागच्या ऑगस्टात लडाखमध्ये पुलाचं काम करताना तो श्योक नदीत वाहून गेला. हिमनदीतून निघणारी श्योक पुढे सीमा ओलांडते, पलीकडे सिंधूला मिळते आणि कराचीच्या बाजूला आपल्याच अरबी समुद्रात येते. शोध सीमेपाशी थांबला. सासऱ्यांनी, आप्पांनी, दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकली. दीपाली त्या दिवशी खोलीतून बाहेरच आली नाही.

मे महिन्यात किनाऱ्यावरच्या ताजबीच्या विहिरीचं पाणी अचानक गार पडलं. हंडा भरताना बोटं बधिर होतात, असं ती सांगत होती. दीपालीने शाळेतला तापमापक नेला. बाहेर चौतीस अंश होते, पाण्यात चार. तळाचा गाळ राखी होता, पिठासारखा मऊ. तांबड्या जांभ्याच्या गावात असा गाळ येणार कुठून? हिमनदी खडक दळते तेव्हा तो होतो, हे तीच मुलांना दरवर्षी शिकवायची.

चार दिवसांनी ताजबीचं पाणी पूर्ववत झालं आणि धाकूची विहीर गारठली. मग देवळामागची. मग तिच्या पुढची.

दीपालीने गावाच्या नकाशावर खुणा करून रेघ जोडली. समुद्रापासून आग्नेयेला सरकत आलेली ती रेघ एका जागी एकदम वायव्येला वळली होती. समुद्राकडून उगमाकडे जाताना असं वळण तिला एकाच नदीचं माहीत होतं, श्योकचं. त्या वळणाच्या जरा वर संदेशचा पूल होता.

रेघेवरची पुढची विहीर त्यांच्या परसातली होती.

तिने नकाशा आप्पांना दाखवला. त्यांनी रेघेवरून बोट आपल्या परसापर्यंत नेलं.

“मी क्रिया केलीय त्याची,” ते म्हणाले. “आता येईल तो संदेश नसंल गो.”

“मग कोण?”

आप्पा उठले आणि विहिरीवर घालायला पत्रा आणायला बाजारात गेले.

ते गेल्यावर तिने परसातल्या विहिरीत कळशी सोडली. भर उन्हात कठड्यावर गारवा जाणवत होता. खाली पाणी राखी दिसत होतं.

कळशी बुडाल्याचा आवाज आला नाही.

दोरी ताठ झाली. खालून दोन हिसके बसले, विहीर उपसायला उतरलेला माणूस वर ओढा म्हणून देतो तसे.

दीपालीने कठड्याला पाय रोवले आणि ती ओढू लागली.

वजन एका माणसाचं नव्हतं; त्याहून कितीतरी जास्त होतं.