किल्ल्यामागची दोरी

एक काम करा. पुस्तक क्षणभर मांडीवर ठेवा आणि मनातल्या मनात एक घर बांधा. भिंती मातीच्या विटांच्या, हातभर जाड. छताला लागून लांबट झरोके. छताच्या मधोमध एक चौकोनी मनोरा, चारी बाजूंनी उघडा, म्हणजे आतली गरम हवा वर चढून तिथून निघून जाईल. घरात एसी नाही, कूलर नाही. बाहेर दिवाळीच्या आधीचं कडक ऊन. आत कसं वाटेल?

"गार!" असंच म्हणालात ना? कळंब गावातही सगळे तसंच म्हणाले होते. हे घर खरोखरच तिथे, गावाच्या कडेला, पावसाच्या तोंडावर बांधून झालं होतं. पुढे गावच्या कमिटीची लहान खोली, मागे मोठा हॉल, आणि हॉलमध्ये छायाताईंचं पाळणाघर.

आता आत काय चाललं होतं ते पाहा.

"मावशी, हे पाळणाघर आहे की वीटभट्टी?" रुद्र शर्टाने वारा घेत ओरडला. तो कालच रसायनीहून दिवाळीच्या सुट्टीसाठी मावशीकडे आला होता.

"हळू बोल रं! आत्ताच निजलीत पोरं," छायाताई दबक्या आवाजात म्हणाल्या. एका हाताने त्या पुठ्ठ्याने वारा घालत होत्या, दुसऱ्या हाताने एका बाळाच्या मानेवर पावडर लावत होत्या. मान घामोळ्यांनी लाल झाली होती.

त्यांची मुलगी अक्षदा दारातच उभी होती. "रुद्र, किल्ल्याची माती भिजली बघ. चल की!"

"किल्ला यंदा राजगडच करायचा! मागच्या वर्षी तुझा सिंहगड मांजराने जिंकला होता!"

"आणि तुझा पुरंदर शेजारच्या कोंबडीने!"

इतक्यात पारू आली. पारू जवळच्या ठाकूरवाडीत राहायची, अक्षदाच्याच वर्गात होती. तिचा धाकटा भाऊ कमळ्या पाळणाघरात असायचा. एरवी माती पाहिली की आधी हात घालणारी पारू आज गप्प होती.

"काय गं? तोंड का पाडलंस?" अक्षदाने विचारलं.

"दिवाळी झाली की मी शाळेत नाय येनार," पारू म्हणाली.

"का?"

"हितं एसी लावनारेत. पन फक्त पुढच्या खोलीत, मीटिंगला. हॉलला एसी झेपायचा नाय म्हनं. मग हॉलमधी सामान ठेवनार आनि पाळणाघर बंद. आई रिसॉर्टवर चादरी धुवायला जाते. कमळ्याला कोन बगनार? मीच ना!"

रुद्रचं हसू मावळलं. अक्षदाने आईकडे पाहिलं. छायाताईंनी नुसती मान हलवली. "कमिटीचे येसाजीकाका परवा माणूस आणतायत एसी बसवायला. मी तरी काय बोलू? निम्म्या आया पोरं आणेनाशा झाल्यात. त्यांचंही बरोबर आहे. बघा की ही घामोळी!"

"पण हे घर गार राहणार होतं ना?" अक्षदा म्हणाली. "घराचा नकाशा काढणाऱ्या अपेक्षा मॅडमनी उद्घाटनाला सांगितलं होतं. मग गरम का झालं?"

हा प्रश्न आतापर्यंत कुणी विचारलाच नव्हता. गरम होतंय एवढं सगळे सांगत होते. का होतंय, ते मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

किल्ल्याची माती तशीच राहिली. तिघं घराभोवती फिरू लागली. मागच्या शेतात भात कापून झालं होतं. तिथल्या बांधावर चढून अक्षदाने वर पाहिलं आणि ती जागीच थांबली.

"रुद्र, मनोरा कोणत्या रंगाचा आहे?"

"पांढरा."

"मग ते निळं काय दिसतंय?"

मनोऱ्याला चारी बाजूंनी निळं प्लॅस्टिक गुंडाळलेलं होतं, सुतळीने घट्ट आवळून!

तुमच्या घरी कुणी कोकणातलं असेल तर लगेच ओळखेल. पावसाळ्याआधी घराच्या उघड्या बाजूंना झडी बांधतात, म्हणजे तिरपा पाऊस आत येत नाही. पूर्वी झावळ्यांच्या असत, आता प्लॅस्टिकच्या असतात. घराची देखभाल करणाऱ्या धोंडीमामांनी मनोऱ्यालाही झड बांधली होती.

"व्हय, मीच बांधली," धोंडीमामा म्हणाले. ते सावलीत पाय पसरून बसले होते. "पानी ठिबकत होतं पोरांच्या अंगावर. मग काय, बगत बसू?"

"पण मामा, पाऊस कधीच गेला!"

"सोडनार होतो गं. कापणी लागली, ऱ्हायलं."

रुद्रने खिशातून उदबत्ती काढली. ती किल्ल्यावर लावायला आणलेली होती. ओल्या मातीची त्याने झटपट एक खोली केली. बाजूला एक भोक ठेवलं, वर एक. आत पेटती उदबत्ती ठेवली. वरच्या भोकातून धुराची सरळ रेघ निघाली. मग त्याने वर कौलाचा तुकडा ठेवला. धूर आतच कोंडला आणि बाजूच्या भोकातून रेंगाळत बाहेर येऊ लागला.

"हा तुमचा हॉल, मामा!"

"आनि हे तुमचं प्लॅस्टिक!" पारू म्हणाली.

धोंडीमामा मातीच्या खोलीकडे बघत राहिले. मग त्यांनी उठून शिडी लावली.

प्लॅस्टिक निघालं. मुलांनी टाळ्या पिटल्या आणि हॉलमध्ये धूम ठोकली.

आत वारा तर आला होता, पण गरम! भर दुपारची बाहेरची हवा उघड्या खिडक्यांतून आत येत होती आणि मनोऱ्यातून निघून जात होती. हॉल पहिल्यापेक्षा जास्तच तापला. कमळ्या जागा होऊन रडायला लागला.

नेमके तेव्हाच कमिटीचे अध्यक्ष येसाजीकाका आले. कपाळावरचा घाम रुमालाने पुसत त्यांनी हॉलवर नजर फिरवली.

"कोणी काढलं प्लॅस्टिक? वाढला का नाय उकाडा? म्हनूनच सांगत होतो! ही शहरातली फॅशन आपल्याकडं चालत नाय. परवा एसी बसला की प्रश्न मिटला. आनि तुमी पोरं मातीत खेळा, हितं लुडबुड नको!"

ते गेल्यावर तिघं मागच्या पडवीत जाऊन बसली.

"चुकलं आपलं," रुद्र म्हणाला.

"अर्धं चुकलं," अक्षदा म्हणाली. "धूर वर गेला ते तर खरंच होतं." ती उठून आईकडे गेली. "आई, अपेक्षा मॅडमचा नंबर आहे?"

नंबर होता. छायाताईंनी व्हिडिओ कॉल लावला. अपेक्षा मॅडमनी आधी हसून बोलायला सुरुवात केली. मग अक्षदाने मोबाईल हॉलमध्ये फिरवून दाखवला, तेव्हा त्यांचं हसू थांबलं.

"दुपारी खिडक्या उघड्या?" त्यांनी विचारलं. "आणि रात्री?"

"रात्री सगळं बंद. धोंडीमामा दिवेलागणीला झरोकेसुद्धा ओढून घेतात. डास येतात म्हणून," अक्षदाने सांगितलं.

"अरे देवा! उलटं चाललंय सगळं! बाहेर पस्तीस असलं तरी आत एकोणतीसच्या वर जायचं नाही, असं आम्ही संगणकावर काढलं होतं. पण त्या हिशेबात झरोके रात्रभर उघडे धरले होते आणि दिवसा बंद."

"रात्रीचा दुपारशी काय संबंध?" रुद्रने विचारलं.

मॅडम उत्तर देणार, तोच पारू एकदम उभी राहिली. "थांबा, थांबा! आपन ओढ्यावर डुंबतो ना, मग कातळावर बसतो. ऊन गेलेलं असतं तरी बूड भाजतं!"

"हो! आणि सकाळी तोच कातळ बर्फासारखा असतो!" अक्षदा म्हणाली.

"मग भिंत पन तशीच! सकाळी कमळ्याला ठेवायला येते ना, तवा भिंत कोमट असते. रातभर कोंडून ठेवली तर ती गार कशी होनार?"

"अगदी हेच," मॅडम म्हणाल्या. "रात्री डोंगरावरून गार वारा उतरतो. तो भिंतींना गार करतो. दिवसा सगळं बंद ठेवलं की त्या गार भिंती हॉलला गार ठेवतात. वीज लागत नाही. वीज लागली नाही की ती तयार करायला कुठेतरी कोळसा जळत नाही, धूर होत नाही. म्हणून तर असं घर बांधलं! आणि डासांचं म्हणशील, तर झरोक्यांना आणि मनोऱ्याला जाळी आहे."

"मग हे धोंडीमामांना कुणी सांगितलं?" अक्षदाने विचारलं.

"कुणीच नाही," मॅडम हळूच म्हणाल्या. "मी चित्रं काढली. माझ्या सहकाऱ्याने हिशेब केला. कमिटीने चावी घेतली. आम्हाला वाटलं, काम संपलं. घर वापरणार कोण, ते कसं वापरणार, हे बोलायचंच राहून गेलं. मी परवा येते."

पण परवापर्यंत थांबून कसं चालेल? एसीवाला परवा सकाळीच येणार होता. त्याआधी भिंती गार झालेल्या दिसायला हव्या होत्या.

मुलं धोंडीमामांकडे धावली. "मामा, आज रात्रीपासून झरोके उघडे ठेवा ना! आज भिंती फार तापल्यात. उद्या दिवसभर आम्ही खिडक्या लावून ठेवतो."

"नाय रं बाबा! दिवेलागणीला बंद म्हंजे बंद. काकांनी सांगितलंय. माजी नोकरी घालवता काय?"

अक्षदा त्या रात्री अंथरुणात विचार करत पडली होती. सकाळी ती उठली ती हसतच.

"रुद्र, झरोक्यांची दोरी कुठे असते?"

"मागच्या पडवीत. भिंतीला हुक आहे. दोरी ओढून हुकाला बांधली की झरोके बंद, सोडली की उघडे. का गं?"

"राजगड तिथंच बांधायचा. हुकाच्या बरोब्बर खाली!"

रुद्रने दोन क्षण विचार केला आणि मग त्याने हवेत उडी मारली.

दिवसभर तिघं खपली. दगड रचले, पोती अंथरली, त्यावर माती लिंपली. बुरूज झाले, पायऱ्या झाल्या, तळं झालं. किल्ला पडवीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरला. कमळ्याने एक बुरूज खाल्ला, तो परत बांधावा लागला! शेवटी सगळ्यात वर, नेमकं दोरीच्या खाली, पारूने सिंहासनावर महाराजांची मूर्ती ठेवली. समोर पणती लावली.

दिवेलागणीला धोंडीमामा आले. दोरीकडे हात नेला आणि हात तसाच राहिला. हुकापर्यंत पोचायचं तर किल्ल्यावर पाय द्यायला हवा. काठीने दोरी ओढावी, तर ती महाराजांच्या डोक्यावरून जाणार.

"बाजूला घ्या रं हे!"

"घ्या ना मामा," अक्षदा साळसूदपणे म्हणाली. "तुम्हीच हलवा महाराजांना."

धोंडीमामांनी कानाला हात लावला आणि ते तडक येसाजीकाकांना बोलवायला गेले.

काका तावातावाने आले. "कुठंय तो किल्ला? मी बगतो!" पडवीच्या पायरीवर मात्र त्यांनी आधी चपला काढल्या. मूर्तीसमोर हात जोडले. मग किल्ला बघत थोडा वेळ उभे राहिले.

"पाली दरवाजा चांगला जमलाय," ते नाइलाजाने म्हणाले. "कुणी केला?"

"मी," पारू म्हणाली. "काका, एकच रात ऱ्हाऊ द्या उघडं. मग कमळ्याला घेऊन मी घरीच बसनारे."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग दोरीकडे. "बरं. एक रात. पन डास चावले तर बगा!"

सकाळी उजाडताच तिघं हॉलमध्ये शिरली. पारूने भिंतीला तळवा लावला.

"कातळ!" ती किंचाळली. "सकाळचा कातळ!"

मुलांनी लगेच खिडक्या लावल्या. धोंडीमामा किल्ल्याकडे आशेने बघत होते, तेव्हा अक्षदाने स्वतःच महाराजांना नमस्कार करून मूर्ती दोन्ही हातांनी उचलली आणि पाटावर ठेवली. मामांनी जपून पाय टाकत दोरी ओढली. या वेळी ती योग्य वेळी ओढली गेली होती.

एसीवाल्याला यायला दुपार झाली. टेंपोतून उतरून, ड्रिल खांद्यावर टाकून, घामाने निथळत तो सामान ठेवायला येसाजीकाकांबरोबर हॉलमध्ये आला. दोन पावलं चालून थांबला. इकडेतिकडे पाहिलं.

"शेठ, एसी तर चालूच आहे की! मग मला कशाला बोलावलंत?"

सगळी पोरं शांत झोपली होती. कमळ्या भिंतीला पाठ टेकून पसरला होता. काकांनी भिंतीला हात लावला, मग दुसऱ्या भिंतीला. खात्री होईना म्हणून गालही लावला. तेवढ्यात अपेक्षा मॅडम दारात पोचल्या. त्यांना काकांचा हा अवतार दिसला आणि हसू आवरेना.

"हसू नका मॅडम," काका ओशाळून म्हणाले. "तुमचं घर चांगलंय. चालवायला आमालाच येत नव्हतं."

"चूक माझीही आहे, काका. नुसतं बांधून मी निघून गेले. जे या तिघांनी केलं, ते मी पहिल्याच दिवशी तुमच्याबरोबर बसून करायला हवं होतं."

"मनोऱ्याला पावसाच्या आडोशाला पत्र्याची उतरती पाखं बसवा तेवढी," धोंडीमामा मध्येच म्हणाले. "न्हायतर पुढच्या पावसात मला परत प्लॅस्टिक बांधावं लागंल. पोरं भिजत्यात."

मॅडमनी मान डोलावली. मनोऱ्यातून पाऊस आत येईल, हे त्यांच्या संगणकाला सुचलं नव्हतं.

एसीवाला आला तसाच परत गेला, पण जाताना राजगडाचा फोटो काढून गेला. छायाताईंनी सगळ्यांना शंकरपाळ्या दिल्या. येसाजीकाकांनी रुद्रची पाठ थोपटली, अक्षदाला "सरपंच" म्हटलं आणि "पाळणाघर बंद व्हायचं नाय" असं सगळ्यांसमोर जाहीर केलं. मग त्यांनी पारूला शोधलं. ती तिथे नव्हती. पडवीत बसून किल्ल्याच्या मधून दोरीपर्यंत जायला ती एक अरुंद वाट करत होती.

सुट्टी संपली. शाळेच्या पहिल्या दिवशी पारू दप्तर पाठीला लावून, कमळ्याला कडेवर घेऊन आली. त्याला तिने छायाताईंकडे दिलं. मागच्या पडवीत जाऊन त्या अरुंद वाटेने हुकापर्यंत गेली, दोरी ओढून घट्ट बांधली आणि झरोके मिटलेले नीट पाहून घेतले. मग रस्त्यावर वाट बघत उभ्या असलेल्या अक्षदाकडे धावत सुटली.