कोण दिसायला नको ते

लेकीच्या, पद्मजेच्या, लग्नाची तिथी निघाली तशी व्यंकटरावांनी आचारी, मांडव आणि बँड ही कामं उरकून टाकली. शूटिंगवाला तेवढा ठरायचा राहिला.

मानवतच्या हायस्कुलात ते विज्ञान शिकवत. कोणतीही वस्तू पारखल्याशिवाय घ्यायची नाही, अशी त्यांची शिस्त. त्यात पूर्णेच्या व्याह्यांनी, दत्तोपंतांनी, साऱ्या बोलण्यांत एकच हौस सांगितली होती. "शूटिंग तेवढी झकास होऊ द्या, सर. आमच्या हैदराबादच्या लोकांना येणं जमत नाही. त्यांना कॅसेट पाठवायची आहे."

एवढ्या साध्या वाक्यापुढचं सगळं व्यंकटरावांनी स्वतःच रचलं. हैदराबादच्या कुठल्याशा दिवाणखान्यात कॅसेट लागेल, पद्मजेला हळद लागताना दिसेल, आणि तिच्या शेजारी मोकळ्या कपाळाची अक्का दिसेल. कोणीतरी चुकचुकेल.

अक्का म्हणजे कस्तुराबाई, त्यांची थोरली बहीण. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी आली ती कायमची. पद्मजा रांगत होती तेव्हा तिची आई वारली. तेव्हापासून पोरीचं न्हाणं, वेणी, शाळेचा डबा, तापातली जागरणं सारं अक्कानेच केलं. व्यंकटराव काही जुन्या वळणाचे नव्हते. विद्यापीठ नामांतराच्या निवेदनावर शाळेतल्या ज्या मोजक्या शिक्षकांनी सही केली त्यांत ते होते, आणि त्यापायी त्यांनी चारचौघांत बोलणीही खाल्ली होती. म्हणूनच हा विचार मनात आला तेव्हा त्यांनी तो स्वतःलासुद्धा पुरता ऐकू दिला नाही.

परभणीला स्टेशन रस्त्यावर भुजंग नावाच्या पोरगेल्या माणसाचं दुकान होतं. त्याने टीव्हीवरची चादर काढली आणि नमुन्याची कॅसेट लावली. "चुडाव्याचं लग्न हाय सर. रंग बघा कसा आलाय!"

मांडव, तोरण, हळदीची वाटी. बँडच्या आवाजात बायकांची गाणी बुडून गेलेली. मग नवरीच्या गालाला हळद लावणारी बाई वाकली, आणि व्यंकटराव खुर्चीत पुढे सरकले. हिरवं लुगडं, हातभर चुडा, कपाळावर ठसठशीत कुंकू. पण हसताना तोंडावर धरलेला उपडा हात अक्काचा होता. त्या हाताची करंगळी बाहेर वळलेली होती. लहानपणी जात्याखाली सापडलेली ती करंगळी त्यांनी जन्मभर पाहिली होती.

"ह्या बाई कोण?"

"असतील की पाव्हण्यांतल्या. लय हौशी." भुजंग हसला. "हर लग्नात अशी एक असतीच, सर."

अक्का मानवत सोडून कित्येक वर्षांत कुठे गेली नव्हती. चेहऱ्यासारखा चेहरा असतो, असं त्यांनी स्वतःला समजावलं. शंका नको म्हणून गांधी पार्कामागच्या दुसऱ्या दुकानात गेले. तिथल्या सूर्यभानने सेलूकडच्या लग्नाची कॅसेट लावली. मंगलाष्टकांच्या गर्दीत, अगदी पुढच्या रांगेत, मुठीत अक्षता घेऊन तीच बाई उभी होती. या वेळी तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं. ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं.

व्यंकटराव चहा अर्धा टाकून उठले. घरी आले तेव्हा अक्का ओसरीवर रुखवताच्या साळीच्या लाह्या पाखडत होती. मोकळं कपाळ, विटकी राखी साडी.

"किती उशीर, व्यंकट! ठरला का रे शूटिंगवाला?"

"नाही अजून."

"चांगला बघ बाबा. पदी माझी गोरी नसली तरी कॅमेऱ्यात उजळ दिसली पाहिजे."

शेवटी मानवतमध्येच माणिकरावकडे ते गेले. हा जुना फोटोग्राफर. कॅमेरा नवीनच घेतलेला. त्याच्या नमुन्याच्या कॅसेटमध्ये अनोळखी माणसांशिवाय कोणी नव्हतं. व्यंकटरावांनी पुन्हा लावायला सांगून खात्री केली. मग ते घुटमळले.

"सांगा की सर," माणिकराव भिंग पुसत म्हणाला. "कोण दिसायला नको ते?"

"तुम्हाला कसं..."

"समदेच सांगतेत. कोणाचा दारुडा चुलता, कोणाची टाकलेली लेक. लाजायचं काय त्यात? फक्त मला ते माणूस एकदा कॅमेऱ्यातून बघावं लागतं. बघितल्याबिगर टाळता येत न्हाई."

"रविवारी घरी या. चहा घेऊन बाहेर येईल ती," व्यंकटराव म्हणाले. नाव घ्यावं लागलं नाही, याचंच त्यांना हायसं वाटलं.

रविवारी सकाळी माणिकराव घरी आला. अक्का चहा घेऊन बाहेर आली आणि खांद्यावरचा कॅमेरा पाहून उंबऱ्यातच थबकली.

"अगं बाई, माझी घेता? थांबा, थांबा. पदर तरी सारखा करू द्या." तिने कप खाली ठेवले, पदराने तोंड पुसलं, केसांवरून हात फिरवला. "पदीच्या शूटिंगात मी येणार म्हणून आधी बघून घ्यायलेत का?"

"हो, बाई," माणिकराव म्हणाला. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला नव्हता. तो बराच वेळ त्यातून नुसता बघत राहिला.

"नीट आले का हो मी?"

"आलात की."

ती व्यंकटरावांकडे वळून हसली, तोंडावर उपडा हात धरून. त्यांनी चहाचा कप उचलला, आणि तो रिकामा होईपर्यंत कपातच पाहत राहिले.

माणिकराव चहाला न शिवता गेला.

त्यानंतर दोनच दिवसांनी शेजारची कडूबाई कुरडयांचा चीक हाटायला आली. अक्का चुलीपाशीच होती. कडूबाई दारातून आत बघत ओरडली, "सर, घरात कोणीच न्हाई का ओ?" आणि परत गेली.

"हिला हल्ली दिसायचं कमी झालंय वाटतं," अक्का हसत म्हणाली.

पुढे दूधवाल्याने एक माप कमी घातलं. रुखवत बघायला आलेल्या बायकांना पद्मजा सहज म्हणाली, "मीच केलं सगळं." अक्का मागेच उभी होती. तिने पोरीच्या खोडकरपणाला हसावं तसं हसून घेतलं. पण पदराचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं.

हळदीच्या सकाळी व्यंकटराव मनात वाक्यं जुळवत होते. अक्का, तू कोठीकडे बघशील का, सामान उघडं पडलंय. ते वाक्य त्यांना बोलावंच लागलं नाही. मांडवात आले तो अक्का सवाष्णींच्या घोळक्यात उभी. कोणी नाक मुरडलं नाही, कोणी 'बाजूला हो' म्हटलं नाही. तिने वाटीत बोटं बुडवली आणि पद्मजेच्या गालाला हळद लावली. क्षणभर व्यंकटरावांचा ऊर भरून आला. लोक बदलले, त्यांना वाटलं. आपणच मागे राहिलो.

मग त्यांच्या लक्षात आलं, की तिच्याकडे कोणी पाहतच नव्हतं.

माणिकराव कॅमेरा घेऊन समोर होता. अक्काने त्याच्याकडे पाहिलं. नंतर व्यंकटरावांकडे पाहिलं. या वेळी ती हसली नाही.

तेवढ्यात व्याही आल्याची वर्दी आली आणि ते दाराकडे धावले. परत आले तेव्हा ती तिथे नव्हती. कोठीत नव्हती. परसात नव्हती. लग्न लागलं, पंगती उठल्या, पाठवणी झाली. "अक्का कुठे दिसली का?" असं त्यांनी कडूबाईला विचारलं.

"कोणती अक्का, सर?" ती म्हणाली. तिच्या तोंडावर थट्टा नव्हती.

पुढच्या महिन्यात ते कॅसेट घेऊन पूर्णेला गेले. दत्तोपंतांच्या बैठकीत सगळे जमले. शूटिंग खरोखर सुरेख उतरली होती. हळद सुरू झाली. सवाष्णी एकेक करून आल्या आणि सरल्या. पद्मजा पाटावर एकटी राहिली.

पडद्यावरच्या पद्मजेने मान वर केली.

तिच्या शेजारी कोणी नव्हतं.

तिच्या उजव्या गालावर हळदीची बोटं उमटली. तीन सरळ, आणि एक बाहेर वळलेलं.

दत्तोपंत अडकित्त्याने सुपारी कातरत राहिले. जणू बघण्यासारखं काही नव्हतंच.

"एक विचारू का?" विहीणबाई, सुमंगलाबाई, चहा देताना म्हणाल्या. "आईमागे पोरीला इतकं छान वळण लावलं तरी कोणी? आम्हाला त्या माणसाचे पाय धरायचे होते. लग्नात तेच राहून गेलं."

व्यंकटरावांनी तोंड उघडलं.

"बाबांनीच लावलं," पद्मजा म्हणाली. ती त्यांच्याकडे मायेने पाहत होती. तिच्या डोळ्यांत दुसरं काहीच नव्हतं.

त्यांनी मान खाली घातली. सुमंगलाबाई त्यांच्या पायाशी वाकल्या.

परतताना ते परभणीला उतरले आणि स्टेशन रस्त्यावर गेले. भुजंगने ओळखलं.

"काय सर, दुसरीकडून केली म्हणं शूटिंग?"

"ती चुडाव्याची कॅसेट जरा लावता?"

"नवी लावतो की. परवाच पेडगावला लग्न झालं."

मांडव. तोरण. हळदीची वाटी. हिरवं लुगडं सवाष्णींत सगळ्यांच्या पुढे होतं. ती मन लावून कोणा परक्या पोरीच्या गालाला हळद लावत होती.

"ह्या बाईंना," व्यंकटराव पडद्याकडे बोट करून म्हणाले, "तुम्ही कधी विचारलं का, कुठल्या म्हणून?"

"विचारलं की. नुसत्या हसतेत." भुजंगने आवाज थोडा वाढवला, पण बँडशिवाय काही ऐकू आलं नाही. "उलट त्याच मला विचारतेत, हर लग्नात, एकच. नीट आले का हो मी?"