एकसष्टाव्या मैलावर उजवीकडे

बुधवार, सोळा एप्रिल. संध्याकाळचे पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. पेनरांच्या कुरणातल्या रस्त्याच्या मधोमध एक अनोळखी माणूस सायकलचं चाक मांडीवर घेऊन बसला होता.

मार्लिस पेनरने पिकअप थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही. इंजिन बंद केलं की माणसं गप्पा मारायला लागतात.

"हरवलात?"

"नाही. टायर फाटला." त्याने वर पाहिलं. केसांत पांढरी धूळ, नाकावर ग्रीसचा काळा डाग, आणि डोळे... डोळ्यांकडे दुसऱ्यांदा बघायचं तिने टाळलं. "तुमचा हा चकमकीचा दगड. सुरीसारखा कापतो."

"दगडाने तुम्हाला बोलावलं नव्हतं."

"तेही खरंच." टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा एक चौकोनी तुकडा कापून तो टायरच्या आतून, चिरेच्या मागे बसवत होता. काम हळू, पण नेटकं होतं.

"टायरचे दात घासताय?"

"घरापर्यंत टिकतं हे. तीस मैल तरी."

"फाटकावर पाटी आहे. वाचली नाहीत?"

"वाचली. 'फाटक बंद करा.' केलं की बंद."

मार्लिसला हसू आलं. ते तिने खिडकीची काच अर्धी वर करून लपवलं. "इकडे कशासाठी आलात?"

त्याने मांडीवरचं चाक उगाच एकदा फिरवून पाहिलं. "मी... रस्ते बघत फिरतो."

इथेच तिचं हसू संपलं.

रस्ते बघत फिरणारा माणूस तिने आधी एक पाहिला होता. तीन वर्षांपूर्वी. सहा महिने तो तिच्या स्वयंपाकघरात कॉफी प्यायला, तिच्या हसण्याची तारीफ करत राहिला, अंकल ऑर्विलसाठी रूबार्बची आंबटगोड पाई आणत राहिला. सातव्या महिन्यात दक्षिणेच्या कुरणात विजेच्या तारांचे अकरा मनोरे उभे राहिले. जमीन कागदोपत्री ऑर्विलची, गुरं आणि राबणं मार्लिसचं. ऑर्विलने सही केली होती, आणि तो माणूस पुन्हा दिसला नव्हता. त्यातले चार रोज खिडकीतून दिसतात.

"रस्ता बघून झाला असेल तर निघा," ती म्हणाली.

"निघतो. टोबिन ह्रुस्का." त्याने हात पुढे केला, हात काळा आहे हे पाहून मागे घेतला, आणि मग पुसून पुन्हा पुढे केला. तोवर पिकअप वीस फूट पुढे गेली होती.

टोबिन ह्रुस्का कोण, हे तिला दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ऑर्विलकडून कळलं. गावातल्या शाळेत सुतारकाम शिकवतो. शिवाय पाच वर्षं 'टर्कीफूट'चा मार्ग आखतोय. टर्कीफूट म्हणजे खडीच्या रस्त्यांवरची शंभर मैलांची सायकल शर्यत. चारशे माणसं येतात. बक्षीस नाही, शेवटी कुणीतरी हात मिळवतं, एवढंच. मार्ग मात्र शर्यतीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आधी कुणालाच कळत नाही. सहा वाजता प्रत्येकाच्या हातात एक छापील कार्ड येतं, कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे.

"आणि या तालुक्यात एकच चांगला रस्ता त्यांना अजून मिळालेला नाही," मार्लिस म्हणाली. "टेकडीवरचा. आपला."

"सव्वाचार मैल," ऑर्विल अभिमानाने म्हणाला. "पावसात सुद्धा कोरडा."

"अंकल, तुम्ही काही बोलायचं नाही त्याच्याशी."

"मी कुठे बोलतो?" म्हणाला ऑर्विल. तो सगळ्यांशी बोलतो.

पुढच्या बुधवारी टोबिन पुन्हा आला. पाणी मागितलं, पायरीवर बसून प्यायला, गेला. त्याच्या पुढच्याही बुधवारी आला. नवं गवत यावं म्हणून जाळलेल्या काळ्या टेकड्या एव्हाना हिरव्यागार झाल्या होत्या आणि वासरं कुरणात सोडली होती. तो कधी पाई आणत नसे, तारीफ करत नसे. मार्लिसला त्याचाच जास्त संशय आला. हा आधीच्यापेक्षा हुशार होता.

"तुमच्या गावात नळ नाहीत का?" चौथ्या बुधवारी तिने विचारलं.

"आहेत. पण तिथे पाण्याबरोबर कोणी इतकं रागाने बघत नाही."

"आवडतं वाटतं?"

"सवय झालीये."

"रस्ता हवाय ना तुम्हाला? सरळ सांगा."

त्याने ग्लास पायरीवर ठेवला. "शर्यतीच्या रस्त्यांबद्दल मला बोलता येत नाही. कुठला आहे तेही नाही, कुठला नाही तेही नाही. माझी आई तीन वर्षं विचारतेय."

"सोयीचा नियम आहे."

"अजिबात नाही," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा खरोखर वैतागलेला दिसला. "तुम्हाला कल्पना नाही किती गैरसोयीचा आहे."

पाणी कुठेतरी मुरत होतं. कुठे, ते शोधायला मार्लिसने ठरवलं की त्याच्याबरोबर जायचं. निदान स्वतःला तिने तसंच सांगितलं.

तो तिच्यासाठी जाड टायरांची एक जुनी सायकल घेऊन आला. सीट तिच्या उंचीला आधीच बसवलेली होती.

"माझी उंची कुठून कळली?"

"पिकअपच्या दारावरून. दार तुमच्या खांद्याला लागतं." मग घाईने, "सुतार आहे मी... मापं दिसतात."

"आणखी काय काय मापलंत?"

तो कानापर्यंत लाल झाला. मार्लिसने ते नोंदवून ठेवलं, पण कुठल्या बाजूला लिहायचं हे ठरवलं नाही.

खडीवर पहिले दोन मैल ती हँडल आवळून बसली होती. चाक थरथरायचं, दगड उडायचे, दात वाजायचे. "सोड," तो शेजारून म्हणाला. "घट्ट धरलंस की पडशील. चाकाला ठरवू दे."

"मी चाकावर विश्वास ठेवू?"

"माझ्यावर नको. चाकावर ठेव."

तिने बोटं सैल केली. सायकल खडीवरून तरंगत गेली. दोन्ही बाजूंना गवत वाकत होतं, कुंपणाच्या खांबांवर पिवळ्या छातीचे पक्षी ओरडत होते, आणि दहा मैलांत एकही मोटार आली नाही. उतारावर ती ओरडली. भीतीने नव्हे. तो मागे राहिला होता. तिने वळून पाहिलं तेव्हा तो रस्त्याकडे नाही, तिच्याकडे बघत होता.

'तू' कधी सुरू झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

अकरा जूनला, संध्याकाळी पावणेसातला, ऊन असतानाच पश्चिमेकडून वादळ आलं. दोघं एका ओसाड दगडी शाळेत शिरले. छप्पर अर्धंच शिल्लक होतं, म्हणून कोपऱ्यात खांद्याला खांदा लावून उभं राहावं लागलं. बाहेर बोराएवढ्या गारा पडत होत्या.

"थंडी वाजतेय?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग थरथरतेस का?"

"तू थरथरतोयस. मी फक्त... तुझ्याजवळ उभी आहे."

त्याने तिच्या कपाळावरची ओली बट बाजूला केली. बोटाला रबराचा वास होता. ती हलली नाही. तोही नाही. मग त्याच्या खिशातली वही भिजते आहे असं तिला दिसलं आणि तिनेच ती बाहेर ओढली, वाचवायला.

वही उघडी पडली. पानावर तिची टेकडी होती. तिची चार फाटकं होती. 'सव्वाचार मैल' असं लिहिलं होतं, आणि त्याखाली: 'ऑर्विलशी बोलणं झालं.'

गारांचा आवाज अचानक फार मोठा झाला.

"हे काय आहे, टोबिन?"

त्याने वही मिटून खिशात ठेवली. "सत्तावीस तारखेला सहा वाजता सांगतो. त्याआधी नाही सांगता येत. मार्लिस... चारशे लोक मला हेच विचारतात. एकाला सांगितलं की..."

"मी चारशेतली एक आहे?"

"नाही. म्हणून तर—"

"म्हणून काय?"

ती पावसात बाहेर पडली आणि नऊ मैल एकटी घरी आली. हँडल आवळून. दोनदा पडली.

ऑर्विल कोबी आणि मटण भरलेले बीरॉक पाव खात बसला होता. तिने चिखलासकट समोरची खुर्ची ओढली.

"सही केलीत?"

"गुडघ्यातून रक्त येतंय तुझ्या."

"अंकल, केलीत का सही?"

"मी शब्द दिलाय त्याला," ऑर्विल पावाकडे बघत म्हणाला. "त्याबद्दल बोलणार नाही म्हणून. आणि हे सांगतो, त्या पोरावर मी सुद्धा चिडलोय. पण शब्द म्हणजे शब्द."

मार्लिसला यातलं फक्त पहिलं वाक्य ऐकू आलं. दोन आठवडे तिने फाटकांना कुलपं लावली. बुधवारी कोणी आलं नाही. दोन्ही बुधवारी पाच ते सहा ती पायरीच्या आसपासच काही ना काही काम काढत होती, आणि त्याबद्दल स्वतःवरच चिडत होती.

सत्तावीस जूनला, आठवडाभर पाऊस पडून गेल्यावर, सहाला पाच मिनिटं कमी असताना ती गावच्या सभागृहात शिरली. आत ओले बूट, केळी आणि चारशे माणसं. कार्डांच्या टेबलामागच्या बाईने विचारलं, "नंबर?"

"नंबर नाही. माझा रस्ता आहे."

बाईने तिच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने कार्ड दिलं.

मार्लिसने ओळ न् ओळ वाचली. साठाव्या मैलापर्यंत वाट सरळ तिच्या कुंपणाकडे येत होती. तिथून टेकडीवर जायला डावीकडे वळायचं. दुसरं शहाणपणाचं वळणच नाही. एकसष्टाव्या मैलावर छापलं होतं: उजवीकडे.

तिने पुन्हा वाचलं. उजवीकडे होता खालचा मातीचा रस्ता. तिथे पावसानंतर ट्रॅक्टर रुततो.

तोवर ते बाकीच्यांनीही वाचलं होतं. "ह्रुस्का! उजवीकडे? या पावसात? डोकं ठिकाणावर आहे का?" "अरे, तीन मैल सायकल खांद्यावर घेऊन जायची?" टोबिन खुर्चीवर उभा होता, हात खिशात. "हो," तो म्हणत होता. "खांद्यावर. जोडीला एक काठी ठेवा, चिखल काढायला."

"मी देत होतो रस्ता!" हा आवाज ऑर्विलचा होता. सहा वाजून गेले होते, शब्द सुटला होता, आणि एप्रिलपासून कोंडलेलं बाहेर येत होतं. "स्वतः गेलो याच्याकडे. फुकट देत होतो! तर म्हणतो, मार्लिसच्या मनाविरुद्ध नको, आणि मी तिला विचारणारही नाही. या तालुक्यातला सगळ्यात चांगला रस्ता, आणि याला नको!"

सभागृहातली निम्मी माणसं हसली. निम्मी मार्लिसकडे वळली.

ती गर्दीतून खुर्चीपर्यंत गेली. "खाली उतर."

तो उतरला.

"मला तेव्हाच का नाही सांगितलंस? रस्ता नकोय एवढं तरी?"

"टेकडी नाही म्हटलं की उजवीकडे आहे हे शेंबडं पोरही ओळखेल. आणि..." त्याने घसा साफ केला. "सांगितलं असतं तर तू विश्वास ठेवला असतास?"

तिने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही."

"मग छापून होईपर्यंत थांबलो. आता तुझ्याकडून मला लागेल असं काही उरलेलं नाही. फाटक नको, सही नको, पाणी पण नको. म्हणून आता विचारतो. मला तू आवडतेस. खूप. सोळा एप्रिलपासून. तू काच वर केलीस ना... तेव्हापासून."

मार्लिसने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तीन वर्षं ती लोकांच्या तोंडाकडे असंच पाहत आली होती. गोड बोलण्यामागे काहीतरी हलताना तिला लगेच दिसायचं. इथे काही हललं नाही. फक्त कान लाल झाले.

"उद्या तू कुठे असशील?" तिने विचारलं.

"शेवटच्या माणसाच्या मागे. मार्ग आखणारा शेवटी जातो. मागे कोणी राहू नये म्हणून."

"एकटाच?"

"नियमात तसं... काही लिहिलेलं नाही."

"मग पहाटे पाचला ये. ती जुनी सायकल धुऊन आण."

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीच वाजता, बासष्टाव्या मैलावर, मार्लिस पेनर पोटरीपर्यंत चिखलात उभी होती. सायकल खांद्यावर, चाकांना लाडवांसारखे गोळे, एक बूट दहा फूट मागे रुतलेला. डावीकडे, कुंपणापलीकडे, टेकडीवर तिचा स्वतःचा रस्ता उन्हात लख्ख वाळलेला दिसत होता.

"तो बघ," ती धापा टाकत म्हणाली. "ठणठणीत कोरडा."

"बघतोय."

"चारशे माणसांना चिखलात लोळवलंस तू. माझ्यासाठी."

"तीनशे एक्याण्णव. नऊ जण गावातूनच परत फिरले."

"तुला वेड लागलंय, टोबिन ह्रुस्का."

"हो. बूट आणू का तुझा?"

"आणशील. नंतर." तिने सायकल चिखलात सोडून दिली. मळलेल्या दोन्ही हातांनी त्याची कॉलर धरली, जवळ ओढली, आणि इतके दिवस जे टाळले होते ते दोन्ही डोळे बघत राहिली... मग स्वतःचे मिटले.

शर्यतीतला शेवटचा सायकलस्वार केव्हाच वळणाआड गेला होता. त्यांच्या मागे कुणीच नव्हतं.