तिटकाऱ्याची तीन मतं

तळेखोल नगरपरिषदेच्या बंद पडलेल्या जकात नाक्यात सरकारनं प्रयोगशाळा थाटून दिली होती. थाटून म्हणजे काय, तर दोन टेबलं, एक पंखा आणि डॉ. विनया घाग यांनी अकरा वर्षं खपून तयार केलेला ओढमापक. पंखा चालत नव्हता, ओढमापक चालत होता. सरकारी कामात एवढं जमलं तरी गंगेत घोडं न्हालं म्हणायचं.

यंत्राची परीक्षा घ्यायला मेंदूविज्ञानाचे प्राध्यापक डॉ. फिरोज मुकादम आले होते. माणूस दापोलीकडचा. सरळ प्रश्न विचारणारा आणि सरळ उत्तर मिळेपर्यंत न हलणारा.

"मला मतदार समजा," ते खुर्चीत बसत म्हणाले. "काय करायचं?"

विनयानं त्यांच्या कपाळाला मऊ पट्टा बांधला. "उमेदवाराच्या चित्रावर बोट ठेवायचं आणि त्यालाच मत का, ते एका वाक्यात मोठ्यानं सांगायचं. वाक्य कुठेही साठवलं जात नाही. तुम्ही बोलत असताना पट्टा मेंदूतल्या दोन जागा मोजतो. एक ओढ, दुसरी तिटकारा. ओढ जास्त भरली तर मतदान कक्षात हिरवा दिवा लागतो आणि मत धरलं जातं. तिटकारा जास्त भरला तर लाल. मत बाद, दुसरी संधी नाही."

"म्हणजे अमुक माणूस चांगला म्हणून दिलेलं मत चालेल. समोरचा पडावा म्हणून दिलेलं चालणार नाही."

"बरोबर."

"का पण? पाडायचा हक्क नाही का माणसाला?"

"आहे ना. पण मागच्या पाच निवडणुका काढून बघा, सर. दर वेळी आधीचा नको म्हणून दुसरा आला. आणि आलेला स्वतः कुणालाच हवा नव्हता. मग तो पाच वर्षं आधीच्याला शिव्या घालण्यात घालवतो. मला निवडून येणारा स्वतः हवा म्हणून निवडून यायला पाहिजे."

"आणि दिवा कुणाला दिसतो?"

"फक्त मतदाराला. बाहेर केंद्रावरचे एकूण हिरवे आणि एकूण लाल एवढेच आकडे जातात. कुणाचा कोणता, हे मलाही कळत नाही. कुणाला विचारायचाही हक्क नाही."

"समसमान मतं पडली तर?"

"प्रयोगापुरता नियम आहे. आधीचाच नगरसेवक कायम."

मुकादमांनी नियमावलीतल्या त्या नियमाखाली पेन्सिलीनं रेघ मारली. ही त्यांची सवयच होती. त्या रेघेतून पुढे काय निघणार हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं.

प्रयोगासाठी तळेखोलचा सात नंबरचा वॉर्ड विनयानंच मागून घेतला होता. ती तिथलीच, वरच्या वाडीची. अडुसष्ट वर्षांची तिची आई, सुरेखा, दुखऱ्या गुडघ्यांनिशी अजून खालच्या विहिरीवरून हंडा आणायची. वरच्या वाडीला नळ होता, पण पाणी चार दिवसांतून एकदा. डोंगरावर साठवण टाकी मंजूर झाली होती. विद्यमान नगरसेवक संदेश बेंडखळे यांना ती टाकी खाली, समुद्राकडच्या हॉटेलांसाठी हवी होती. पुढच्या सभेत ठराव व्हायचा होता. जो निवडून येईल, त्याच्या बाजूला टाकी जाणार. इतकं उघड गणित होतं.

बेंडखळ्यांच्या विरोधात रेश्मा पडवळ उभी होती. नगरपरिषदेची वॉलमन. वीस वर्षं हातात लोखंडी चावी घेऊन वॉर्डभर पाणी सोडत हिंडलेली बाई. भाषण येत नव्हतं. बोलायला उभी राहिली की पदराशी चाळा करायची आणि दोन वाक्यांत खाली बसायची.

पण ओढमापकाच्या सरावाला वरच्या वाडीतले लोक आले, तेव्हा विनया थक्क झाली. एकेक जण पट्टा बांधून बसायचा आणि बोलायचा.

"आमच्या सुनेचं बाळंतपण झालं, तर रेश्मा आपणहून आली. म्हणाली, तुमच्याकडे पाणी आधी सोडते, बाकीच्यांना मी विचारून आलेय."

"पाणी दहा मिनिटं कमी पडलं तर ती डोंगर चढून येते आणि कमी पडलं म्हणून सांगते. सांगतं का हो कुणी?"

"माझ्याशी भांडली होती. चूक माझी होती."

शंभरातले एक्क्याण्णव दिवे हिरवे. आकडे नियमाप्रमाणे नाक्याच्या फळ्यावर लागले. विनयाला इतका आनंद झाला की ती त्या दिवशी चालत घरी गेली आणि वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत सुटली.

आणि मग बेंडखळे वरच्या वाडीत यायला लागले.

ते मत मागायचे नाहीत. हात जोडायचे नाहीत. गाडी देवळापाशी उभी करायची, खाली उतरायचं आणि बोलायचं. "तुम्हाला टाकी कशाला रे? रोज आंघोळ करायची सवय तरी आहे का वाडीला?" दुसऱ्या दिवशी परत. "चावी फिरवणारीला नगरसेवक करताय? उद्या झाडूवाल्याला नगराध्यक्ष करा!" तिसऱ्या दिवशी गोविंद भुवडांच्या अंगणात. भुवडतात्या म्हणजे वाडीतला सगळ्यात तापट म्हातारा. ते काठी घेऊन धावले. बेंडखळे हसत हसत गाडीत बसले.

"वेड लागलं का याला?" विनया म्हणाली. "एक मत मिळायचं नाही अशानं!"

मुकादमांनी पुन्हा सराव लावायला सांगितला. तेच शंभर लोक आले, त्याच खुर्चीत बसले, तीच कारणं बोलले. हिरवे दिवे अडतीस.

विनया आकड्यांकडे बघतच राहिली. "असं कसं? रेश्माताई तीच. कारणंही तीच."

"कारणं तीच आहेत, पण बोलताना डोळ्यांपुढे बेंडखळे आहे," मुकादम म्हणाले. "त्याला इथली मतं नकोतच, मॅडम. मिळणार नाहीत हे त्याला ठाऊक आहे. त्याला ती बाद करायची आहेत. पूर्वी विरोधकाच्या माणसांना आपल्याकडे ओढावं लागायचं. आता त्यांना फक्त चिडवलं की पुरे. जितका त्यांनी याचा तिटकारा करावा, तितकी रेश्माची मतं गळणार. तुमच्या नियमातून हे सरळ निघतं. तुम्हाला दिसलं नाही, त्याला दिसलं."

"तक्रार करू."

"करा. सुनावणी निकालानंतर."

विनयाच्या पायाखालची वाळू सरकली. यंत्र तिचं, वॉर्ड तिनं निवडलेला आणि पाणी जाणार होतं तिच्याच आईचं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावरचे नवे आकडे वाचून अख्खी वाडी नाक्यासमोर जमली. रेश्मा पुढे आली. या वेळी तिनं पदराला हात लावला नाही.

"डॉक्टर, मनात राग असला की मत बाद होतं, हे खरं?"

"रागाचं पारडं जड असेल, तर होतं."

"मग राग घालवायचा कसा?"

"ते यंत्राला माहीत नाही," विनया म्हणाली. खरं तर तिलाही माहीत नव्हतं.

मागून भुवडतात्या खेकसले, "त्यात काय विचारायचं? शिमगा करा! वर्षभराचा राग आपण एका दिवसात बोंबलून काढतो की नाही? भावाभावांच्या कोर्टकचेऱ्या चालल्यात, पण होळीपुढे एकमेकांच्या नावानं बोंब मारून झाली की एका ताटात जेवतात. मग मार्गशीर्षात एक शिमगा केला म्हणून काय देव रागावणार आहे?"

लोक आधी हसले. मग कोण लाकडं आणणार आणि कोण ढोल, याची वाटणी सुरू झाली. कोकणात एकदा ढोलाची गोष्ट निघाली की माघार नसते.

प्रचार संपायच्या दिवशी दुपारी देवळापुढच्या माळावर होळी पेटली. चारशे माणसं गोल करून उभी राहिली. ढोल वाजला आणि पहिली बोंब भुवडतात्यांनीच ठोकली. बेंडखळ्यांची गाडी, बेंडखळ्यांचा गॉगल, बेंडखळ्यांचं ढेरीवर न बसणारं जाकीट, कशालाही सोडलं नाही. बायका तर पुरुषांच्या वरताण निघाल्या. "आंघोळ कुणाची काढतोस रे मेल्या!" म्हणून एकीनं सुरुवात केली आणि जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पहिला अर्धा तास आवाजात जाळ होता. मग कुणाला तरी हसू फुटलं. मग सगळ्यांनाच. शेवटी शेवटी लोक बेंडखळ्यांची नक्कल करून दाखवत होते आणि पोट धरून जमिनीवर बसत होते.

विनया माळाच्या कडेला, आंब्याखाली, हाताची घडी घालून उभी होती.

"ये गं विनू!" आईनं हाक मारली. तिचा आवाज पार बसला होता. "मार एक बोंब!"

"मला नाही चालायचं, आई. मी सरकारी माणूस आहे. मी तटस्थच राहायला हवं."

मुकादम दुसऱ्या बाजूला उभे राहून डोळे पुसेपर्यंत हसत होते. त्यांचं मत इथे नव्हतं, त्यांना कसली चिंता!

संध्याकाळी तिसरा सराव झाला. शंभरातले शहाण्णव हिरवे. विनयाला रडू आलं. अकरा वर्षांत तिनं असा आलेख पाहिला नव्हता. तिटकाऱ्याची रेघ झोपली होती आणि ओढीची पूर्वीपेक्षाही वर गेली होती.

मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी बेंडखळे नाक्यावर आले. एकटेच. चार मिनिटं थांबले.

"आभार मानायला आलो, मॅडम," ते खुर्ची ओढत म्हणाले. "तुमच्या यंत्रानं माझं काम फार सोपं केलं. पूर्वी वरच्या वाडीत पैसे ओतावे लागायचे. आता नुसतं पेट्रोल लागलं. पुढच्या वेळी सगळ्या राज्यात लावा, मी स्वतः शिफारस करतो. आणि आईंना नमस्कार सांगा. विहिरीवर दिसतात अधूनमधून."

ते गेल्यावर टेबलावरचा काचेचा पेला विनयाच्या हातून पडला की तिनं टाकला, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

मतदान शांततेत झालं. वरच्या वाडीचे लोक लग्नाला निघाल्यासारखे नटून आले. सुरेखाबाई आत गेल्या आणि हसत बाहेर आल्या. त्यांच्यामागून विनया गेली. दोन मिनिटांनी ती बाहेर आली.

"हिरवा ना गं?"

"हो," विनया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नाक्यासमोर निकाल वाचला गेला. रेश्मा पडवळ, अकराशे सेहेचाळीस. संदेश बेंडखळे, अकराशे सेहेचाळीस. समसमान. नियमाप्रमाणे आधीचे नगरसेवक कायम.

खालून फटाके ऐकू आले. वरच्या वाडीचे लोक तिथेच उभे राहिले. मग कुणीतरी केंद्राचा आकडा वाचला. वरची वाडी, चारशे बारा मतं. हिरवी चारशे नऊ. लाल तीन.

"तीन!" रेश्माची जाऊ किंचाळली आणि लगेच तोंडावर हात धरून रडायला लागली. "एक माझं होतं गं. आत गेले आणि त्याचं तोंडच आठवलं. काय करू मी?"

रिक्षावाल्या समीरनंही मान खाली घातली. "माझा पण लाल."

"आणि तिसरा?"

सगळ्यांच्या नजरा हळूहळू भुवडतात्यांकडे वळल्या.

"माझा हिरवा होता," तात्या म्हणाले.

"तात्या, जन्मात कधी धड हसून बोललात का कुणाशी? काठी घेऊन कोण धावलं होतं?"

"हिरवा होता रे! देवाशपथ हिरवा होता!" म्हातारा काठी टाकून नाक्याच्या पायरीवर बसला. "हा शिमगा कुणी काढला? मीच ना? मग मी कशाला..." चारशे माणसांत त्यांच्याजवळ जाऊन कुणी बसलं नाही.

विनया दारात उभी होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. विचारायचा हक्क कुणालाच नव्हता, नियम तिनंच लिहिला होता. ती गप्प राहिली असती तर जन्मभर कुणाला कळलं नसतं.

"तात्यांचा हिरवाच असणार," ती म्हणाली. "तिसरा लाल माझा आहे."

मुकादमांनी झटकन वर पाहिलं. "तुमचा? अहो, पण तुम्ही तर..."

"मी तर तज्ज्ञ, नाही का?" तिचा आवाज फाटला. "तो परवा चार मिनिटं आला होता ना आभार मानायला? आभार नव्हते ते, सर. वाडीला त्यानं पाण्यावरून डिवचलं, मला यंत्रावरून आणि आईवरून. माझं नाव याच वॉर्डाच्या मतदार यादीत आहे हे त्यानं पाहून ठेवलं होतं. मी आत जाऊन रेश्माताईंचं नाव घेतलं, कारणही नीट सांगितलं, पण माझ्या डोक्यात सबंध वेळ तोच होता. यंत्रानं बरोबर मोजलं. कुठेही चुकलं नाही ते."

रेश्मा पुढे आली आणि तात्यांच्या शेजारी पायरीवर बसली. तात्यांची काठी उचलून तिनं त्यांच्या हातात दिली.

सुरेखाबाई लेकीकडे बघत होत्या. "मग त्या दिवशी बोंब का नाही मारलीस गं? मी हाक मारली होती ना तुला?"

"मी तटस्थ होते, आई."

"मनात एवढा जाळ घेऊन?"

विनयाला रडू आवरेना. आईनं पदरानं तिचं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसंच, जरा जोरातच.

"खरं सांगितलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. "पण टाकी गेली ती गेलीच."