ठोंबरेबाईंचे हात

यास्मिन मुलाणीचे हात तिचं ऐकत नव्हते, आणि पंचाईत अशी की सगळे त्याबद्दल तिचं कौतुक करत होते.

कोल्हापूरच्या बाहेर बायपासला लागून असलेल्या प्रसविका प्रशिक्षण केंद्राची ती सरावशाळा. नोंदणीकृत परिचारिकांसाठी इथे दीड वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम होता. तो पुरा केलेली प्रसविका साधं बाळंतपण स्वतःच्या जबाबदारीवर करायला मोकळी. खोलीच्या मध्यभागी पलंगावर प्रसवपुतळी कण्हत होती. अंग उबदार, कपाळावर घाम, कळ आली की पोट टणक व्हायचं. मुली तिला लाडानं वहिनी म्हणत. वहिनीच्या पुढ्यात यास्मिन उभी, कोपरापर्यंत करडे हस्तस्मृती-मोजे चढवलेले, आणि हात हवेत तसेच्या तसे थांबलेले. शेजारच्या पलंगावर दुसऱ्या पुतळीपाशी वर्गातल्या सुवार्ता सातपुतेचे हात कसे सराईत बाईसारखे चालले होते. हिचे आपले ढिम्म.

तसं हे दर वेळी व्हायचं. बाळ पार बाहेर यायच्या क्षणी मात्र तेच हात आपसूक पुढे व्हायचे आणि ते अलगद झेलायचे. मग पुन्हा शांत. यास्मिन स्वतःच्या हातांकडे बघत राहायची. हे चाललंय काय, हे तिला कोणी सांगेना.

तिसऱ्या महिन्यात ती न राहवून तक्रार घेऊन गेली. मोजे बिघडलेत, बदलून द्या, म्हणाली. मोज्यांचे अभियंते तळेकर हे तिशीतले गृहस्थ, घाईघाईनं बोलणारे. त्यांनी मोजे उलटसुलट तपासले आणि ठणठणीत आहेत म्हणून सांगितलं. केंद्राच्या प्रमुख डॉक्टर पाटणकर तिथेच चहा घेत बसल्या होत्या. त्यांनी यास्मिनला बसवून घेतलं.

"तुला मोजे काय करतात ते नीट कळलंय का?" त्यांनी विचारलं.

यास्मिननं पाठ केलेलं सांगितलं. जाणत्या प्रसविकेचे हात काम करत असताना दंडापासून बोटांपर्यंत ज्या विद्युत्-सूचना जातात, त्यांचा स्नायुलेख होतो. तोच लेख मोजे शिकणारीच्या स्नायूंत पुन्हा पुन्हा वाजवतात. काही महिन्यांत मोजे काढले तरी हात तेच करतात.

"बरोबर. प्रत्येकीला वेगळ्या बाईंचे हात दिलेत. सुवार्ताला नाशिकच्या एका बाईंचे. तुला वत्सला ठोंबऱ्यांचे." पाटणकर बाईंनी कप खाली ठेवला. "मी त्यांच्या हाताखाली शिकलेय. त्या हात लावायच्याच नाहीत. बघत बसायच्या. आम्ही पोरी तळमळायचो आणि बाळ आपलं आपण यायचं. निम्मी प्रसूतिविद्या म्हणजे हात आवरणं आहे, मुलाणी."

"हात नुसता सैल पडलेला नाहीये, मॅडम," तळेकर संगणकाच्या पडद्याकडे बघत म्हणाले. "वाकवणारे आणि ताणणारे, दोन्हीकडचे स्नायू एकाच वेळी पूर्ण जोरात आहेत. एकमेकांना धरून ठेवलंय त्यांनी. म्हणून हात हलत नाही."

"बघ. केवढा ताबा."

आता ठोंबरेबाई दोन वर्षांपूर्वीच वारलेल्या, त्यांना विचारायला जायची सोय नाही. आणि यास्मिनसारख्या, अतिदक्षता विभागात दहा वर्षं काढलेल्या परिचारिकेनं काय वाद घालायचा? तिथे तर उलटं शिक्षण. घंटी वाजली की हात चालले पाहिजेत, विचार मागनं. इथे आल्यावर थांबायला शिकायचं, हे पटण्यासारखंच होतं. यास्मिनच्या डोक्याला ते पटलं. तरी काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं, आणि काय ते काही केल्या सापडेना.

हे शिक्षण तिला पुरं करायचंच होतं. तिच्या गावच्या ग्रामीण रुग्णालयातला प्रसूतिकक्ष कित्येक महिने कुलूप लावून बंद होता, कारण चालवायला माणूस नाही. कळा लागल्या की बायका जीपमधून घाट उतरायच्या. मागच्या उन्हाळ्यात अशीच एक बाई वाटेत गेली, बाळासकट. त्या जीपमध्ये सोबतीला यास्मिन होती. बाळाचा खांदा अडकला होता आणि सलाईन, प्राणवायू, हृदयाचे ठोके यांतलं सगळं येणाऱ्या यास्मिनला तेव्हा काय करावं ते सुचलं नव्हतं. त्यानंतर तिनं अर्ज केला. ती प्रमाणपत्र घेऊन आली की कुलूप निघणार होतं. नापास झाली तर ते तसंच राहणार होतं.

मोजे उतरले आणि खऱ्या बाळंतपणांची पाळी आली. यास्मिन भीतभीत उभी राहिली. हात थांबले ते थांबलेच. बाई कळा देत राहिली, बाळ आपल्या चालीनं आलं, हातांनी ते झेललं. दुसरं तसंच. तिसरंही. कुणाला टाका नाही, कुणाला जखम नाही. बायका घरी जाताना सांगून जायच्या, त्या शांत सिस्टर फार चांगल्या. सुवार्ता चिडवायची, "तुझं बरं आहे गं, नुसतं उभं राहायचं आणि पुण्य घ्यायचं." यास्मिन हसायची खरी, पण तिला ते लागायचं, कारण ती खरंच नुसती उभी असायची.

पाटणकर बाई तर तिच्या हातांवर वर्ग घेऊ लागल्या. थांबलेल्या हातांचे अंगठे तळव्यात दुमडलेले असतात, ही म्हणे ठोंबरेबाईंची लकब; नख लागू नये म्हणून. सगळ्या वर्गानं अंगठे दुमडले. पुढे ठरलं की एवढे चांगले हात वाया का घालवा? यास्मिनच्या हातांचा नवा स्नायुलेख करायचा आणि राज्यातल्या बाकीच्या केंद्रांत तोच आदर्श म्हणून वापरायचा. तळेकरांनी तो केलाही.

आणि मग दीपाली आली. पहिलटकरीण, उसाच्या ट्रॅक्टरवर काम करणाऱ्या घरची, धिप्पाड नि हसरी. सकाळी दाखल झाली, दुपारी बाळाचं डोकं बाहेर आलं. सगळं सुरळीत. आणि पुढच्या कळेला ते डोकं कासवानं मान आत घ्यावी तसं मागे ओढलं गेलं. गाल दबले, रंग बदलला. खांदा अडकला होता.

यास्मिननं धोक्याच्या घंटीचं बटण पायानं दाबलं. डॉक्टर यायला वेळ लागणार होता आणि तेवढा वेळ बाळाकडे नव्हता. आता हात लावायला हवे होते. तिनं हातांना सांगितलं. हात थांबून राहिले.

तिला भीती वाटली. छातीतून निघून ती खांद्यांत आली, दंडांत उतरली, बोटांपर्यंत पोचली. आणि यास्मिनला विलक्षण काहीतरी जाणवलं. भीतीला पुढे काहीच करावं लागलं नाही. बोटं ताठ व्हायला हवी होती, ती आधीच ताठ होती. अंगठे तळव्यात जायला हवे होते, ते आधीच गेलेले होते. जीपमध्ये ते असेच गेले होते. शाळेत गणिताच्या पेपरला जायचे तेही असेच. हे हात ठोंबरेबाईंचे नव्हतेच.

मग कुणाचे, याचा विचार करायला सवड नव्हती. हातांचा भरवसा संपला होता, तोंड मात्र तिचं तिच्याकडे होतं. तोंडाला कुणी मोजे घातले नव्हते.

"दीपाली, उलटी हो. गुडघ्यांवर आणि हातांवर. रांगतं पोर असतं तशी. सुवार्ता, तिला वळव, कमरेला धर. आत्ता."

दीपाली ओरडली, पण वळली. ओणवं झाल्यावर कटीची हाडं जरा मोकळी होतात, खांद्याला वाट मिळते. हे यास्मिननं पुस्तकात वाचलं होतं, जीपनंतर पन्नासदा वाचलं होतं. "गुडघे अजून लांब. आता जोर कर," ती म्हणाली. खांदा सुटला. बाळ सरकून आलं तसे ते नालायक हात एकदम पुढे झाले आणि त्यांनी ते झेललं. मुलगी होती. रडायला जरा वेळ घेतला, पण रडली.

संध्याकाळ व्हायच्या आत ती तळेकरांच्या पुढ्यात उभी होती.

"माझ्या मोज्यांत कुणाचे हात भरलेत?"

ते ठोंबरेबाईंचं नाव घेऊ लागले. तिनं त्यांना मोज्यांतला लेख उघडून पाहायलाच लावलं. तळेकरांनी पाहिलं, परत पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. अभ्यासक्रमाच्या पहिल्या दिवशी प्रत्येकीचे अडाणी हात एकदा नोंदवून घेत, पुढे किती प्रगती झाली ते कळावं म्हणून. वहिनीपुढे उभं करायचं आणि सांगायचं, कर काय करायचं ते. त्याला पायालेख म्हणत. यास्मिनच्या मोज्यांत तळेकरांनी नजरचुकीनं तोच भरला होता. तिचा स्वतःचा.

तिला तो दिवस चांगला आठवत होता. वहिनी कण्हत होती, तिच्या डोळ्यांपुढे जीप होती, आणि ती सबंध वेळ दगड होऊन उभी राहिली होती. शेवटी पुतळीचं बाळ घसरून खाली पडायला लागलं तेव्हा दचकून तिनं ते झेललं. बस, एवढंच. तेवढंच सगळं मोज्यांनी तिला महिनोन्‌महिने शिकवलं होतं. तिचीच घाबरगुंडी, रोज, घोटून घोटून.

"पण मग त्या आधीच्या सगळ्या बाळंतपणांचं काय?" पाटणकर बाईंनी विचारलं. त्या धावतच आल्या होत्या.

"त्यांना कुणाचेच हात लागत नव्हते, मॅडम."

पाटणकर बाईंनी पडद्यावरचा तो लेख स्वतः पाहिला. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांनी दार लावून घेतलं आणि समजावणीच्या सुरात सांगितलं की आज तू एका मुलीचा जीव वाचवलायस, परीक्षा याहून वेगळी काय असते? पुढच्या महिन्यात प्रमाणपत्र घे, गावी जा, कुलूप काढ. पायालेखाची गोष्ट वर कळवली तर नियमानं तुझं शिक्षण झालेलंच नाही असं धरतील. पहिल्यापासून दीड वर्ष. तेवढा काळ तुझं रुग्णालय बंद. चूक आमची, शिक्षा तुला, हे मला बरं वाटत नाही.

यास्मिनला त्यातलं अक्षर न्‌ अक्षर खरं वाटलं. क्षणभर ती हो म्हणायच्या बेतात होती. घाटातली जीप कुणाला हवी होती? मग तिला एक प्रश्न पडला आणि तो तिनं तळेकरांना विचारला. माझ्या हातांचा तो जो आदर्श लेख केलात, तो कुठाय?

तळेकरांनी पडद्यावर पाठवणीची यादी उघडली. तो गेला होता. सगळ्या केंद्रांत गेला होता, मोज्यांत भरलाही होता, आणि पोरी तो घालून उभ्याही राहिल्या होत्या.

"फोन लावा," यास्मिन म्हणाली.

"मुलाणी, विचार कर," पाटणकर बाई म्हणाल्या.

"केला, मॅडम. माझं कुलूप एक आहे."

पहिला फोन जालन्याच्या केंद्राला लागला. सरावशाळेतलीच एक शिकाऊ परिचारिका बोलत होती, आवाजावरून अगदी कोवळी. यास्मिननं आपलं नाव सांगताच तिला कोण आनंद झाला. मुलाणी सिस्टर का, तुमचेच हात आहेत आमच्याकडे, म्हणाली. कालच पुतळीवर एक बाळंतपण केलं, काही म्हणजे काही करावं लागलं नाही. सगळ्या बाई खूश आहेत.

"पहिल्यांदा गोंधळायला झालं, सिस्टर. पण आता हात कसे अगदी शांत झालेत."

"शांत नाहीत गं ते," यास्मिन म्हणाली. "घाबरलेत. काढून ठेव मोजे, आणि तुमच्या मोठ्या बाईंना फोनवर बोलाव."